अर्थिंगभाऊ

इंदूरच्या मराठी वस्त्यांत, म्हणजे रामबाग, नारायण बाग, लोकमान्य नगर या भागांत, एखादा तरी अर्थिंगभाऊ सापडतोच. वय साठीच्या पुढे, नोकरी झालेली बँकेत नाहीतर विम्यात, विजेशी संबंध बिल भरण्यापुरता. दारात मारुती ८००. १९८३ साली रस्त्यावर आलेलं हे मॉडेल कंपनीनं २०१४ साली बनवायचं थांबवलं. भाऊंनी चालवायचं थांबवलं नाही. अर्थात 'चालवायचं' हे आपलं बोलायला. बहुतेक वेळ ते तिचं बॉनेट उघडून उभे असतात.

पंक्चर, क्लच, रेडिएटर हे लोकांच्या गाड्यांचे आजार. भाऊंच्या गाडीला असले सामान्य रोग परवडत नाहीत. डावा इंडिकेटर दिला की पेट्रोलचा काटा त्याच तालावर मान डोलावतो. ब्रेक दाबला की हेडलाइट मंदावतो, आणि रात्री हॉर्न वाजवावा तर त्याचा घसा बसलेला. भाऊंचं निदान एकच : "अर्थिंग!" सुनेचा मोबाइल हळू चार्ज होत असेल, शेजारच्यांचा मिक्सर गुरगुरत असेल, तरी उत्तर तेच.

या गुणाला खरा बहर येतो सिमरोलला. ओंकारेश्वरला निघालं की खंडवा रोडवर भेरूघाटाची वळणं लागण्याआधी हे गाव येतं. "घाटाआधी एकदा बघून घेऊ," म्हणत भाऊ चहाच्या टपरीशी गाडी घेतात. इथंच आयआयटी आहे. २००९ साली निघालेल्या या संस्थेतली पोरं चहाला आलेलीच असतात; त्यांत एखादा नागपूरचा निघतो. श्रोत्याची सोय झाली.

"काय रे, इलेक्ट्रिकलला आहेस का?"

"नाही काका, सिव्हिल."

"मग समजेल तुला."

मग व्याख्यान. बॅटरीतून निघालेल्या करंटला परत बॅटरीतच यायचं असतं. गाडीत त्यासाठी प्रत्येक दिव्याला वेगळी वायर टाकत नाहीत. बॉडीचा पत्रा हाच परतीचा रस्ता. बॅटरीच्या मायनसची पट्टी जिथं बॉडीला आवळलेली असते, तो बोल्ट गंजला की सगळ्यांचीच वाट अडते. मग करंट आडवाटेला लागतो, कधी क्लचच्या केबलमधून, कधी ॲक्सिलरेटरच्या तारेतून. आणि एकानं जास्त ओढलं की बाकीच्यांचं व्होल्टेज घटतं. इंडिकेटरबरोबर काटा नाचतो तो त्यामुळे.

बोलता बोलता भाऊ मल्टीमीटर काढतात. हेडलाइट चालू. एक काडी बॅटरीच्या मायनसवर, दुसरी बॉडीच्या उघड्या पत्र्यावर. वैद्यानं नाडी बघावी तसे डोळे अर्धे मिटलेले. आकडा शून्याच्या आसपास हवा. येतो ०.७. "बघ! एवढं रस्त्यातच खाल्लं!" भाऊंना सोनं सापडल्याचा आनंद होतो.

पंचाईत अशी की निदान अगदी बरोबर असतं. आणि उपाय दहा मिनिटांचा : बोल्ट सोडा, खालचा पत्रा पॉलिशपेपरनं चकचकीत घासा, परत आवळा, वर थोडं ग्रीस.

"मग आत्ताच करून टाकू ना काका? पंक्चरवाल्याकडून दहा नंबरचा पाना आणतो."

भाऊंचा चेहरा उतरतो. "अरे भिया, घाई नको. आधी बाकीचे पॉइंट तपासू."

मागच्या सीटवरून काकूंचा आवाज येतो, "अहो, गेल्या शिवरात्रीलाही इथंच सापडलं होतं ना अर्थिंग?"

भाऊ ऐकू न आल्यासारखं करतात. त्यांचंही बरोबर आहे. बिघाड गेला तर उरेल नुसती गाडी, आणि नुसती गाडी तर त्यांचा मुलगाही चालवतो. उभी हयात दुसऱ्यांच्या सह्या पडताळण्यात गेली. आता कुठं एक प्रकरण असं हाती लागलंय, ज्याची फाइल वर कुठल्याही साहेबाकडे जात नाही. ती बंद करायची?

पण सिव्हिलचा पोरगा ऐकत नाही. भाऊ दुसरा चहा सांगायला वळतात तेवढ्यात तो बोल्ट घासून आवळून मोकळा होतो. इंडिकेटर लावला तर काटा जागचा हलत नाही. भाऊ "वा, वा" म्हणतात, पण कुणी नातलग परगावी निघावा तशा सुरात.

अर्धा घाट गाडीत कुणी बोलत नाही. समोरून ट्रक येतो, भाऊ हॉर्न दाबतात आणि एकदम ताठ बसतात.

"ऐकलंस? हॉर्नचा आवाज बदललाय."

"बदलला नाही हो. नीट वाजतोय."

"तेच म्हणतोय मी! कुठंतरी करंट जास्त जातोय. बडवाहला थांबून बघायला पाहिजे."