संशयित घटनास्थळीच राहतो

पावसाळ्यात नंदुरबार जिल्ह्यातल्या विसरवाडीच्या बाजारात खेकडे येतात. बाई टोपलीवरचा पाला बाजूला सारते, हात घालते आणि नांग्या मोडलेला एक खेकडा वर काढून दाखवते. भाव विचारा, सांगेल. हा कोणत्या वर्गाच्या पाण्यातला, हे विचारू नका. त्याला शासन लागते.

शासनाने ते एकदा ठरवलेही होते. २००० साली राज्याने नदी नियमन क्षेत्र धोरण आणले आणि नद्यांना अ-१ ते अ-४ असे वर्ग दिले. अ-१ पाणी सर्वांत चोख. तिथे काठापासून तीन किलोमीटरपर्यंत कारखाना नको. अ-३ चे पाणी माणसाने पिऊ नये, जलचरांनी मात्र त्यात खुशाल संसार थाटावा. आपल्या पोटाला न सोसणारे खेकड्याला सोसते, हे त्याला न विचारताच ठरले. (समुद्रातली कालवं नशीबवान! केंद्राच्या वर्गवारीत शिंपल्यांचे पाणी पहिल्या वर्गात बसते.)

२०१५ च्या फेब्रुवारीत हे धोरणच रद्द झाले. उद्योग अडतात, इतर राज्यांत असे काही नाही आणि प्रदूषणाचे कायदे आहेतच की! युक्तिवाद बिनतोड. दाराला कुलूप असताना कुंपण कशाला?

तसा तोटा किरकोळच. तीन किलोमीटर कोणीही मोजू शकायचा. गुराखीसुद्धा सांगायचा की कारखाना आत आलाय. आता सांडपाणी शुद्ध केले की नाही, एवढेच बघायचे. त्यासाठी नमुना हवा, नमुन्याला अधिकारी हवा, अधिकाऱ्याला गाडी हवी. मध्यरात्री सोडलेले पाणी तोवर आमच्या रंगावली नदीतून तापीला मिळून उकाईच्या जलाशयात, म्हणजे गुजरातेत, पोचलेले. परराज्यातला नमुना कोण घेणार?

संरक्षण गेले म्हणून खेकड्याची जबाबदारी मात्र कमी झाली नाही. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण फुटले, वीसच्या आसपास माणसे गेली. तेव्हाचे जलसंधारणमंत्री तानाजी सावंत यांनी धरण पोखरल्याचे खापर खेकड्यांवर फोडले. विरोधी पक्षाचे कार्यकर्ते मग खेकडे घेऊन पोलीस ठाण्यात गेले, अटक करा म्हणाले. ठेकेदार, अभियंते, दुरुस्तीची कागदपत्रे यांच्यामागे धावण्यापेक्षा हे सोपे.

उद्या आमच्या नदीवर फेस आला, तर चौकशी समितीने लांब जाऊ नये. संशयित घटनास्थळीच राहतो, रात्री हिंडतो, माती उकरतो आणि वकील देत नाही.