भिंतीची बाहेरची बाजू

पूर्वी कोकणातल्या लहान घराला रंग निवडावा लागत नसे. पाऊस सरला, भातं घरात आली, की चुन्याचं पिंप अंगणात निघे आणि सगळी वाडी एकाच पांढऱ्यात न्हाऊन निघे. रत्नागिरीकडच्या आमच्या जुन्या कौलारू घराने जन्मात दुसरा रंग पाहिला नव्हता. किनाऱ्यावरचे शिंपले भट्टीत भाजून केलेला तो चुना. पाणी ओतलं की जाळाशिवाय रटरटायला लागे आणि आजी आम्हा पोरांना ‘लांब व्हा, डोळ्यांत जाईल’ म्हणत पडवीत पिटाळी. मग त्यात डिंकाचं पाणी आणि चिमूटभर नीळ. गंमत अशी, की कुंचा फिरला की भिंत पांढरी व्हायच्या ऐवजी मळकट, ओशाळल्यासारखी दिसे आणि संध्याकाळी आजोबांना मजुरी पाण्यात गेल्याचा भास होई. सकाळी उठून बघावं तर तीच भिंत लख्ख. भट्टीत शिंपल्यातून उडून गेलेला वायू हवेतून परत घेत घेत चुना भिंतीवर पुन्हा टणक होतो, हे मला पुढे शाळेत कळलं. म्हणजे आमचं घर दर वर्षी अंगावर एक पातळ शिंपला चढवत होतं. खाली जोत्यालगत हातभर गेरूचा पट्टा असे. पागोळ्यांचं पाणी लाल मातीवर आपटून भिंतीवर उडतं, ते डाग काही केल्या जात नाहीत. तेव्हा ज्याला हरवता येत नाही त्याचाच रंग आधी लावून मोकळं व्हायचं, असा तो मातीशी केलेला तह होता.

यंदा मात्र निवड आली. तालुक्याच्या दुकानदाराने शेडकार्ड उघडलं आणि पत्त्यांच्या डावासारखं फर्रकन पसरलं. त्यावरची इंग्रजी नावं वाचताना आपण भिंत रंगवायला नव्हे, थंड हवेच्या ठिकाणी निघालोय असं वाटत होतं. आईने त्या नावांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. तिने अख्खं शेडकार्ड साड्यांत लावलं. ‘हा मावशीच्या डोहाळजेवणातला अबोली. हा आंबा रंग, पण दोन पाण्यांतून काढल्यावरचा. आणि हा नको, हा नेसून ती त्यांच्याकडची भांडली होती.’ वडिलांना सगळे रंग सारखेच दिसत होते. ते कार्ड उलटं करून किंमत शोधत होते. दुकानदाराने आमच्या घराचा फोटो संगणकात घालून रंगवून दाखवला. संगणकाला पडवी आणि आभाळ यांतला फरक न कळल्यामुळे आभाळही हळदीचं झालं आणि खरं सांगायचं तर सगळ्यांत शोभून दिसलं ते आभाळच. मागच्या भिंतीवर एशियन पेंट्सचा गट्टू होता, आर. के. लक्ष्मण यांनी १९५४ साली काढलेला, कपाळावर बट, हातात ब्रश आणि ठिबकणारा डबा. त्याच्याकडे बघून मला त्याचा हेवा वाटला. इतकी वर्षं रंग सांडतोय, पण कुठला सांडू हे त्याला कोणी विचारलं नाही.

रंग निवडताना माणूस आरशात बघितल्यासारखा गंभीर होतो आणि विसरतो, की घराची बाहेरची बाजू आपल्याला दिसतच नाही. आपण तिच्या आत असतो. ती दिसते पाखाडीने जाणाऱ्या मुलांना, पोस्टमनला, एस्टीच्या खिडकीतल्या पेंगुळल्या डोळ्यांना. मोठमोठ्या शहरांचंही असंच झालेलं आहे. १८७६ साली इंग्लंडचा युवराज येणार म्हणून जयपूर गुलाबी रंगवलं गेलं. पाहुणा बघून निघून गेला आणि शहर त्याच्या स्वागताचा अंगरखा अजून घालून बसलंय. गोव्यात पोर्तुगीज अमदानीत पांढरा रंग चर्चचा, बाकीच्यांनी आपापल्या भिंती निळ्या-पिवळ्या-तांबड्या कराव्यात, अशी रीत होती म्हणतात. तिथेही मालकाची आवड शेवटीच. बाहेरच्या रंगाचा धनी नेहमी कोणीतरी बाहेरचाच असतो.

रंगाऱ्याने हे शास्त्र न शिकताच ओळखलं होतं. त्याने रस्त्याकडच्या भिंतीवर पाच-सहा चौकोन रंगवून ठेवले आणि ‘राहू द्यात आठवडाभर, गाव सांगेल’ म्हणून तो दुसऱ्या कामावर गेला. गावाने सांगितलं. शाळेच्या पोरांनी पोपटीला कौल दिला. दूधवाल्याला प्रत्येक चौकोन आवडला, कारण त्याला थांबायला वेळ नव्हता. एका गृहस्थांनी फार काळजीने विचारलं, ‘असंच ठेवणार का हो?’ नखाएवढ्या तुकड्यात लाजराबुजरा वाटलेला लिंबू रंग दुपारच्या उन्हात असा काही ओरडत होता, की आईने त्याच्यावर चक्क ओलं गोणपाट टाकलं. रंगारी परत आला तेव्हा त्याने चौकोनांकडे पाहिलंच नाही. लांबीच्या पत्र्याने कोपऱ्यातला चुना खरवडला. पापुद्र्यावर पापुद्रा, मधूनच निळीची एखादी गडद रेघ. कुठल्यातरी वर्षी कोणाचा तरी हात सैल सुटलेला. ‘चिऱ्याची भिंत आहे, ही श्वास घेते,’ तो म्हणाला. ‘वर प्लास्टिक पेंट मारलात तर ओल आतल्या आत कोंडेल आणि दुसऱ्या पावसात पोपडे येतील.’

तरी निर्णय होईना. शेवटी समोरच्या काकूंनी तो केला, तोही रंगाचं नाव न काढता. त्यांचं घर पाखाडीपलीकडे, पूर्वेला तोंड करून. दुपार कलली की त्यांच्या ओटीवर सावली येते आणि आमच्या भिंतीवर ऊन. गडग्याशी उभ्या राहून त्या जरा संकोचून म्हणाल्या, ‘तुमची भिंत, तुम्ही हवा तो द्या. पण काळपट नका देऊ हो. दुपारी मी तिच्याच उजेडात तांदूळ निवडते.’ आम्ही सगळे गप्प झालो. लग्न होऊन आल्यापासून त्या आमच्या भिंतीवरून परतलेल्या उन्हात सुईत दोरा ओवत होत्या, पोथी वाचत होत्या, सुनेचा, जावा-नणंदांचा हिशेब लावत होत्या. आणि आम्ही इतकी वर्षं समजत होतो, की आपण नुसतं घर पांढरं करतो. काका गेल्यानंतर त्यांनी ओटीवरचा दिवा उशिरा लावायला सुरुवात केली, ती काटकसर असावी असा आमचा समज होता. त्यांना दिव्याची गरज आमच्यामुळे लागत नव्हती.

मग चुनाच ठरला, त्यात चवीपुरती पिवडी. रंगाऱ्याने दोन हात मारले, खाली गेरूचा पट्टा ओढला आणि ‘हे शेडकार्डात नाही’ असं आम्हाला अभिमानाने ऐकवलं. आईला तो सायीचा वाटतो, वडिलांना स्वस्त. काकूंनी ओटीवरून तांदळाचं सूप उचलून दाखवलं, म्हणजे पसंत.

आता त्यांनीही घर रंगवायला काढलंय. परवा येऊन म्हणाल्या, ‘तुम्हाला दिवसभर बघायचंय, तुम्हीच सांगा.’ आई मोरपंखीवर अडून बसली आहे, वडील म्हणतात बाईमाणसाच्या खर्चाचा विचार करा आणि मी गुपचूप अबोलीच्या बाजूने आहे. स्वतःच्या घरासाठी झाला नाही एवढा वाद आमच्याकडे सध्या चालू आहे.