शंभर नंबरी मामा

लातूरच्या औसा रोडवर पेट्रोल पंपाची रांग अचानक हलेनाशी झाली, तर मशीन बिघडलं असं समजू नका. पुढे मामा असतात. स्प्लेंडर मधल्या स्टँडवर, टाकीचं झाकण हातात, आणि पंपावरच्या पोराला सूचना चालू. "दोन लिटर साधं टाक. थांब. आता त्या नळीनं दोन लिटर पंच्याण्णव. बास." मग मामा स्टँड काढतात, हँडल धरतात आणि गाडी डावीकडे-उजवीकडे गदागदा हलवतात. दोन्ही पेट्रोलं नीट मिसळली पाहिजेत ना! मागून कुणीतरी ओरडतं, "ओ मामा, घरी जाऊन हलवा की!" मामांना ते ऐकू जात नाही. ते खिशातल्या डायरीत लिहीत असतात; परवापरवापर्यंत हिशेब असा असायचा : साधं ९१, एक्स्ट्रा ९५, निम्मं-निम्मं, एकूण ९३.

त्याआधी फिल्टर पेपर झालेला असतो. ग्राहकानं मागितला तर पंपानं फिल्टर पेपर द्यायचा असतो, हा नियम अख्ख्या जिल्ह्यात बहुधा मामांनाच पाठ आहे. नळीच्या तोंडाचा एक थेंब कागदावर घ्यायचा, दोन मिनिटं थांबायचं. डाग न ठेवता उडाला तर पेट्रोल शुद्ध, डाग राहिला तर भेसळ. ही दोन मिनिटं मामा कागद ट्यूबलाइटसमोर धरून उभे असतात, अगदी एक्स-रे बघणाऱ्या डॉक्टरच्या चेहऱ्यानं. त्यानंतर घनता. ७२० ते ७७५ च्या मध्ये आकडा हवा, हेही त्यांना ठाऊक. आकडा बसला की मामांना किंचित वाईट वाटतं. भांडायची तयारी वाया गेलेली असते.

मामा हा एकच माणूस आहे असं मात्र नाही. लोहा, अहमदपूर, चाकूर ओलांडत नांदेडहून लातूरला या, दर तीन पंपांमागे एक मामा सापडेल. कुणी कृषी खात्यात, कुणी झेडपीच्या शाळेवर, कुणी नुकताच निवृत्त. सगळ्यांकडे डायरी आणि सगळ्यांचा एकच सिद्धांत : आकडा मोठा तर माल चांगला.

यात त्यांचा फारसा दोष नाही. हा सगळा बोर्डाचा लातूर विभाग. २०२५ च्या दहावीच्या निकालात राज्यातल्या २११ पोरांना शंभर टक्के पडले, त्यातली ११३ एकट्या या विभागाची. लातूरच्या ट्यूशन एरियात ज्या पोराला ९१ टक्के पडतात, त्याच्या घरी पेढे आणत नाहीत. मावशी फोन करून धीर देते. अशा गावात पेट्रोल कंपनी ९१ आकड्याचा माल विकायची आणि वर पैसे मागायची! "एक्क्याण्णव?" मामा विचारायचे, "एवढ्यावर तर चांगल्या कॉलेजात नंबरबी लागत नाही."

गॅरेजवाल्या चाचांनी त्यांना अनेकदा समजावलं. ऑक्टेन म्हणजे पेट्रोलचा जोर नाही, त्याची सबुरी. सिलिंडरमध्ये पेट्रोल-हवेचं मिश्रण दाबलं जातं, तेव्हा प्लगच्या ठिणगीची ज्योत पोचायच्या आत ते आपसूक भडकायला नको. भडकलं तर खटखट आवाज येतो आणि पिस्टनवर घण बसतात. आयसो-ऑक्टेन नावाचं रसायन हा मार सहन करतं, म्हणून त्याला १०० दिले. हेप्टेन अजिबात सहन करत नाही, त्याला शून्य. बाकी सगळी पेट्रोलं या दोघांशी ताडून मोजायची. ज्या इंजिनात दाब जास्त, म्हणजे बारापटीच्या वरचा, त्याला ही सबुरी लागते. स्प्लेंडरचा दाब दहापटीच्या आतबाहेर. तिला नव्व्याण्णव पाजा नाहीतर शंभर, ती तेवढीच पळणार. चाचा शेवटी वैतागून म्हणाले, "मामा, माळेगावच्या जत्रेतून तट्टू आणला अन् त्याला बदाम चारले, तर तो रेसचा घोडा होतो का?"

मामा म्हणाले, "कुठले बदाम म्हणता?"

नांदेडचा नमुना वयानं लहान, त्याला मामा नाही, भाऊ म्हणतात. त्याच्याकडे यामाहा आरएक्स १००. ही गाडी १९९६ साली बंद झाली, पण भाऊची अजून वजिराबादेतून सायलेन्सर फोडत जाते. भाऊला हे वेड वडिलांकडून आलं. वडील टाकीत डांबराच्या गोळ्या टाकायचे. गंमत म्हणजे त्यात अगदीच काही नव्हतं असं नाही. नॅप्थलीन विरघळलं तर ऑक्टेन थोडं चढतं. पण कार्बोरेटरमधलं पेट्रोल उडून गेलं की तेच नॅप्थलीन जेटमध्ये खड्यासारखं बसतं, आणि मग सकाळी किका मारून पाय दुखतो. कपाटातले कपडे मात्र त्या काळात कसरीनं खाल्ले.

भाऊची झेप याच्यापुढची. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर रेसचं पेट्रोल पिंपातून येतं, त्यातलं काही ११० च्या वर असतं, असं त्याला कळलं. लगेच हिशेब : निम्मं हे, निम्मं ९१, झालं शंभरच्या वर. पिंप नांदेडला येईना, तेव्हा नजर विमानतळाकडे वळली. "विमानाचं पेट्रोल एकदा टाकलं की बघा!" ओळखीपाळखी काढून तो कॅन घेऊन निघालाही होता. वाटेत कुणीतरी शहाण्यानं सांगितलं की जेट विमान पेट्रोलवर उडत नाही, ते उडतं चांगलं गाळलेल्या रॉकेलवर. त्याचं ऑक्टेन साध्या पेट्रोलच्या कितीतरी खाली. ज्या रॉकेलच्या भेसळीवरून भाऊनं पंपवाल्याची गचांडी धरली होती, तेच मागायला हा कॅन घेऊन चालला होता. छोट्या विमानांना खरंखुरं पेट्रोल लागतं, पण त्यात शिसं असतं. आपल्याकडे पंपावरच्या पेट्रोलमधून शिसं २००० साली हद्दपार झालं, आणि ज्या गाडीच्या सायलेन्सरमध्ये कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आहे, त्या गाडीला ते पाजणं म्हणजे महागडी आत्महत्या.

लातूरच्या मामांनी असला आडवा मार्ग धरला नाही. त्यांनी बाटली आणली. ऑक्टेन बूस्टर. बाटलीवर छापलं होतं की पाच पॉइंट वाढवतो. मामा हरखले : ९१ अधिक ५, शहाण्णव! लेकीच्या क्लासमधल्या केमिस्ट्रीच्या सरांना त्यांनी रस्त्यात गाठून बाटली दाखवली. सरांनी चष्मा वर केला आणि सांगितलं की या धंद्यात पॉइंट म्हणजे एकाचा दहावा भाग. पाच पॉइंट म्हणजे अर्धा. "साडेएक्क्याण्णव?" मामांचा आवाज बसला. पाचशे रुपयांत अर्धा मार्क. एवढी महाग ट्यूशन लातुरातसुद्धा कुणी घेत नाही.

मग शंभर. इंडियन ऑइलनं डिसेंबर २०२० मध्ये शंभर ऑक्टेनचं पेट्रोल देशातल्या दहा शहरांत आणलं. त्यात पुणे होतं, लातूर नव्हतं. तेव्हाचा भाव लिटरमागे १६० च्या घरात. मामांच्या काळजात कळ आली. हडपसरच्या भाच्याला फोन केला, "येताना पाच लिटर घेऊन ये." भाच्यानं रेल्वेचा आणि ट्रॅव्हल्सचा नियम सांगून हात वर केले. शेवटी एका लग्नाच्या निमित्तानं मामा स्प्लेंडरवरच पुण्याला गेले, टाकी शंभरनं गच्च भरली आणि सव्वातीनशे किलोमीटर परत आले. साठचं ॲव्हरेज धरा. लातुरात पोचले तेव्हा टाकीत चारेक लिटर उरलं होतं. ते त्यांनी वापरलं नाही. नळीनं काढून कॅनमध्ये भरलं आणि माळ्यावर ठेवलं. सणासुदीला दोन घोट. मामींनी तीन दिवस वास सोसला. चौथ्या दिवशी म्हणाल्या, "एक तर हे ऱ्हाईल घरात, नाहीतर गॅसची शेगडी." हे मात्र बरोबर होतं. कॅन गेला.

दरम्यान परभणीनं शेजारधर्म पाळला. फेब्रुवारी २०२१ मध्ये तिथं प्रीमियम पेट्रोल शंभरावर गेलं, पण रुपयांत.

सगळ्यात मोठा घाव घरच्याच उसानं घातला. पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आलं. इथेनॉलचं स्वतःचं ऑक्टेन १०८ च्या आसपास, त्यामुळे ज्याला मामा आयुष्यभर साधं म्हणून हिणवत होते, तेच पेट्रोल ९५ ला जाऊन बसलं. आता साधं दोन लिटर, पंच्याण्णव दोन लिटर, एकूण? पंच्याण्णव. डायरीत हा हिशेब मांडताना मामांचं पेन थांबलं म्हणतात. पण लातूरचा माणूस निकालाला हार जात नाही, फेरतपासणीला टाकतो. दुसऱ्या दिवशी पंपावर त्यांनी जाहीर केलं, "हे ग्रेस मार्क आहेत. उसाचे. स्वतःचे नाहीत." वर ऐकवलं, "२०१६ च्या दुष्काळात मिरजेहून रेल्वेनं पाणी आणून आम्ही पिलो, तरी ऊस सोडला नाही, अन् मार्क पडले पेट्रोलला!" त्यात एक मुद्दा खरा निघाला. इथेनॉलमध्ये ऊर्जा कमी असते. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालानंच दुचाकीचं ॲव्हरेज तीन-चार टक्के घटेल असं धरलं होतं. म्हणजे मार्क वाढले आणि दम कमी झाला. एवढ्या उघड पुराव्यानंतर तरी आकडा आणि ताकद वेगळी, हे मामांना पटावं की नाही? नाही पटलं.

मध्यंतरी स्प्लेंडरचं ॲव्हरेज एकदम सुधारलं. मामा डायरी घेऊन गावभर फिरले; श्रेय एका नव्या मिश्रणाला, ज्याचं प्रमाण ते कुणाला सांगत नाहीत. चाचांनी काय केलं होतं, ते मी विचारून घेतलं. एअर फिल्टर बदलला, प्लग पुसला, चेन ताणली आणि दोन्ही चाकांत हवा भरली.

तेव्हा मामा भेटले तर चहा जरूर घ्या, ते मनापासून पाजतात आणि पंपावर तुमच्या वतीनं भांडतातही. फिल्टर पेपर मागायची त्यांची सवयही उचला. पण प्रमाण सांगू लागले की हळूच उठा. गाडीच्या पुस्तिकेत जो आकडा छापलाय तेवढंच भरा, त्यावर लिटरमागे एक रुपयाही जास्त घालू नका.