सहा आठवड्यांचे पाहुणे

यूटातल्या सॉल्ट लेक सिटीचा नवा विमानतळ 2020 साली उघडला, तेव्हा त्यात घ्यायला येणाऱ्या नातेवाइकांसाठी एक वेगळी ऐसपैस खोली काढली होती. जुन्या विमानतळावर फार पंचाईत व्हायची. मॉर्मन धर्मप्रचाराच्या मिशनवरून परतणारा पोरगा एक, आणि त्याला उतरवून घ्यायला आजी-आजोबा, आत्या, मावश्या, चुलत-मामेभावंडं, फुगे, हाताने रंगवलेले फलक आणि निदान एक भोकाड पसरलेलं तान्हं बाळ. बाकीच्या प्रवाशांना स्वतःची बॅग दिसायची नाही. शेवटी विमानतळानेच हात टेकले आणि लोकांना रडायला जागा करून दिली. मला हे फार आवडलं. आपल्याकडेही विमानतळावर माणसं तितकीच येतात आणि रडतातही तितकीच, पण काचेबाहेर उभं राहून. वर पोलीस शिट्टी फुंकून गाडी पुढे घ्यायला लावतो.

मी यूटाला लेकीकडे राहायला येईपर्यंत मॉर्मन लोकांविषयी मला काडीचीही माहिती नव्हती. त्यांच्या चर्चचं पूर्ण नाव एका दमात घेता येत नाही: चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स. त्यांची मुलं ऐन तारुण्यातली दोन वर्षं धर्मप्रचाराला देतात, मुली दीड वर्ष. कुठे जायचं ते चर्च ठरवतं, खर्च घरच्यांनी करायचा. 2012 साली मुलांची वयाची अट एकोणिसावरून अठरावर आणली, म्हणजे आयांचं रडं एका वर्षाने अलीकडे आलं. जगभर अशी सत्तर हजारांहून जास्त पोरं-पोरी पांढरा शर्ट किंवा लांब झगा घालून, छातीवर नावाची काळी पट्टी लावून जोडीजोडीने दारं ठोठावत हिंडत असतात. पट्टीवर पहिलं नाव नसतं, आडनाव असतं. अठराव्या वर्षी मिसरूड नीट फुटलेलं नसतं आणि जग त्याला 'एल्डर' म्हणतं.

मिशनला निघतानाच्या निरोपाचं मला फारसं अप्रूप नाही. मुलं शिकायला जातात, नोकरीला जातात, सैन्यात जातात. आई रडते, वडील सामानाचं वजन करतात. मला ओढ लागली ती दुसऱ्या टोकाच्या निरोपाची, मिशन संपतानाच्या. शेजारचा मुलगा फिलिपीन्समधून नुकताच परतला होता. तो आमच्या अंगणातलं बर्फ लोटायला यायचा आणि बर्फापेक्षा जास्त बोलायचा.

या पोरांची बोली ऐकून मी प्रथम दचकले. नवखा एल्डर आला की त्याला तयार करणारा जोडीदार त्याचा 'बाप'. मिशन संपलं की तो 'मेला', आणि शेवटच्या दिवसांत जो जोडीदार असेल त्याने त्याला 'मारलं'. मुलगा फावडं टेकवून थंडपणे सांगत होता, "माझा बाप आयडाहोचा होता. मला मारलं एका सामोअन मुलाने. फार चांगला होता तो." घर आठवून शेवटी शेवटी जो अर्धवट कामात आणि अर्धवट विमानात असतो, त्याला ते 'ट्रंकी' म्हणतात, म्हणजे मनाने ट्रंक भरायला घेतलेला. ट्रंकी होणं पाप नाही, पण जोडीदार डोळे वटारतो. काही जण तर मिशनचं वय मोजायला सहा महिन्यांनी टाय जाळतात, वर्ष भरलं की शर्ट. उरलेले टाय एकमेकांत बदलायचे किंवा खोलीतल्या कपाटात मागे ठेवायचे. त्या कपाटात पिढ्यान्‌पिढ्यांचे टाय लोंबत असतात आणि तळाशी कोणीतरी न संपवलेली पीनट बटरची बाटली.

निरोपाचा सराव त्यांना इतका असतो की खरं तर ते त्यात पटाईत व्हायला हवेत. दर सहा आठवड्यांनी बदल्यांचा निकाल लागतो. कधी जोडीदार बदलतो, कधी गाव. दोन वर्षांत असा सतरा वेळा श्वास रोखायचा. बँकेच्या नोकरीत माझ्याही बदल्या झाल्या, पण आमच्याकडे निरोप समारंभ असे, शाल-श्रीफळ असे, आणि जन्मभर जिला नावं ठेवली त्या बाईबद्दल चार गोड शब्द बोलावे लागत. इथे सकाळी बस, संध्याकाळी नवा जोडीदार. तो घोरतो का, ते रात्री कळतं.

आणि हा जोडीदार म्हणजे साधासुधा नव्हे. नजरेच्या टप्प्यात आणि हाकेच्या अंतरावर राहायचं, न्हाणीघर सोडल्यास एकट्याने कुठेही जायचं नाही, असा नियम. लग्न होऊन चाळीस वर्षं झाली तरी आमच्यात इतकी जवळीक नव्हती, आणि त्यामुळेच चाळीस वर्षं टिकलं. मुलाने कबुली दिली की घरी आल्यावर पहिल्या आठवड्यात दुकानात दुधाच्या कपाटासमोर तो मागे वळून कोणाला तरी शोधत होता.

शेवटचे दोन दिवस मात्र रीतसर असतात. मिशन प्रेसिडेंटच्या घरी जेवण, एकेकाची शेवटची मुलाखत, मग सगळ्यांसमोर उभं राहून श्रद्धेची साक्ष. (हा प्रेसिडेंटही तीन वर्षांचाच पाहुणा. त्यालाही कोणीतरी निरोप देतं.) नंतर विमान. विमानातही तो एल्डरच. सिनेमा पाहायचा नाही. शेजारच्या प्रवाशाशी बोलायचं, मग तो कितीही झोपेचं सोंग घेवो. विमानतळावर दोन वर्षं वाट पाहिलेली मैत्रीण उभी असली, तरी तिच्याशी फक्त हस्तांदोलन. आई मिठी मारू शकते, मैत्रीण नाही. स्थानिक चर्चचा वरिष्ठ अधिकारी त्याला भेटून मोकळं करेपर्यंत काळी पट्टी उतरत नाही. हे मोकळं करणं बहुधा त्याच संध्याकाळी उरकतात. मैत्रिणी टिकल्या असतील तर त्यांचा विचार करूनच, असं मला वाटतं.

पट्टी काढली त्या रात्री शेजारणीने आम्हाला बोलावलं होतं. त्यांच्यात चहा-कॉफी वर्ज्य. आमचा निरोप चहाशिवाय हलत नाही; "अर्धाच कप" म्हणत तासभर दारात. इथे गरम चॉकलेटचे मग भराभर रिकामे झाले आणि सगळे दहाला घरी. मुलाचे वडील ऐंशीच्या दशकात मिशनवर गेले होते. त्यांच्या वेळी घरी फोन वर्षातून दोनदा, नाताळात आणि मदर्स डेला. 2019 पासून दर आठवड्याला बोलता येतं. "आता यांना आठवण येते तरी कशी?" असं ते मुलासमोरच म्हणाले. बाप मंडळी सगळीकडे सारखी.

या वडिलांपेक्षाही अवघड दिवस काढलेले मॉर्मन लोक आपल्या मुंबई-पुण्यात येऊन गेलेत. ह्यू फिंडले नावाचा स्कॉटिश मॉर्मन 1852 साली मुंबईत उतरला आणि पुढे पुण्यातही राहिला. घरी परत कधी जायचं हे त्याला कोणी सांगितलेलं नव्हतं. हाती फारसं काही लागलं नाही. पुणेकराला काही पटवून देणं त्याच्या आधीही कोणाला जमलेलं नव्हतं.

पण शेजारच्या मुलाकडून इतकं सगळं ऐकल्यावर माझ्या डोक्यात घर करून राहिली ती फिलिपीन्समधल्या सेबू बेटावरची एक म्हातारी. पोरं तिला 'नानाय' म्हणतात, म्हणजे आई. ती दर आठवड्याला जो कोणी एल्डर त्या गावात असेल त्याला भात आणि सुका मासा जेवू घालते. गेली कितीतरी वर्षं. हा मुलगा निघताना ती मिठी मारायला पुढे आली, तर नियमाप्रमाणे याने हात पुढे केला. तिने हसून आपल्या हाताची पालथी बाजू पुढे केली. तिकडच्या रीतीप्रमाणे याने वाकून ती कपाळाला लावली. नियमही मोडला नाही आणि कोणाचं मनही. हे सांगताना त्याचा गळा दाटला. मी मात्र हिशेब करत होते. याने तिला एकदा निरोप दिला. तिने याच्यासारख्या किती जणांना दिला असेल? जाणारा डायऱ्या भरतो, त्या देशाच्या झेंड्यावर सह्या घेतो, घरी जाऊन चर्चमध्ये भाषण करतो. राहणारीला फक्त ताटं घासायची असतात. तिच्या निरोपाला कोणी खोली बांधत नाही.

हे मी त्याला बोलून दाखवलं. तो गप्प झाला. मग दुसऱ्या रविवारी, मला साक्षीला बसवून, त्याने तिला फोन लावला. पडद्यावर आधी बराच वेळ छताचा पंखा दिसला, मग तिचं कपाळ. त्याला पाहून ती ओरडलीच. त्याने तिच्या भाषेत दोन वाक्यं कशीबशी जुळवली, डोळे पुसले, तिसरं वाक्य जुळवत होता तोवर तिने मान वळवून कोणाला तरी काहीतरी सांगितलं आणि फोन बंद झाला.

"काय म्हणाली?" मी विचारलं.

"म्हणाली, नंतर कर. एल्डर जेवायला आलेत."