खडे माझे, रील तुमची

प्रति,
सुप्रसिद्ध डॉक्टरसाहेब,



सर्वप्रथम मनःपूर्वक अभिनंदन. माझ्या पित्ताशयातून तुम्ही काढलेल्या खड्यांची रील आधी आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आली, मग बायकोच्या भिशीच्या ग्रुपवर, आणि काल चिपळूणच्या आत्याने ती मलाच पाठवली. सोबत सूचना : ‘असे खडे होतात बघ, तेलकट कमी खा.’ ते खडे माझेच आहेत हे तिच्या लक्षात आलेलं नाही. पण ते फार दिवस लपेल असं वाटत नाही. चेहरा तुम्ही झाकलात, पण बेंबीशेजारची जन्मखूण तशीच उघडी राहिली आणि लहानपणी दिवाळीला मला उटणं लावायचं काम आत्याकडेच असायचं.

रील झकास झाली आहे. एकेक खडा ट्रेमध्ये पडतो आणि नेमका तेव्हाच ताशा कडाडतो. शेवटी तुम्ही हाताची घडी घालून कॅमेऱ्याकडे बघता, तेव्हा तर मला स्वतःलाच पुन्हा ऑपरेशन करून घ्यावंसं वाटलं. राउंडला आलात तेव्हा इतका वेळ उभं राहिलेलं मी तुम्हाला पाहिलं नव्हतं.

संमतीबद्दल तुमच्या सोशल मीडिया बघणाऱ्या मुलाला विचारलं. त्याने कागद दाखवला, सही माझीच. उजव्या बरगडीखालची कळ पार खांद्यापर्यंत चढलेली असताना काउंटरवर पुढे येईल त्या कागदावर मी सह्या करत सुटलो होतो. भुलेची संमती, रक्ताची संमती, मेडिक्लेमचे फॉर्म आणि त्यांच्याच गठ्ठ्यात ‘शैक्षणिक उपयोगासाठी चित्रीकरण’. त्या क्षणी कोणी राहत्या फ्लॅटचं खरेदीखत पुढे केलं असतं तरी ‘कुठे करू सही?’ एवढंच विचारलं असतं. शिक्षण नेमकं कोणाचं झालं हे बघायला मी खालच्या प्रतिक्रिया वाचल्या. ‘बाप रे’, ‘सर तुम्ही देव आहात’ आणि ‘पॅकेज किती?’

तुम्ही नियम मोडलात असा आरोप मी करत नाही. मी नियम वाचले, एवढंच. (ऑपरेशननंतर विश्रांती सांगतात, आणि विश्रांतीत माणूस काहीही वाचतो.) वैद्यक परिषदेचे 2002 चे आचारनियम म्हणतात की पेशंटना प्रत्यक्ष किंवा आडून आवतण देणं अनैतिक आहे. पाटीसुद्धा अवास्तव मोठी नसावी. वर्तमानपत्रात जाहीर निवेदन द्यायला मोजकीच कारणं चालतात, जसं : दवाखाना सुरू केला, पत्ता बदलला, काही दिवस बाहेर आहे, परत आलो, आणि आपली फी. तुमचं पेज मी या यादीशी ताडून पाहिलं. गोव्याच्या बीचवरचे फोटो ‘काही दिवस बाहेर आहे’मध्ये आरामात बसतात. फी मात्र शोधून सापडली नाही.

2 ऑगस्ट 2023 ला राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने तर थेट सोशल मीडियाचेच नियम काढले होते. लाइक आणि फॉलोअर विकत घेऊ नका, शोधात नाव वर यावं म्हणून पैसे मोजू नका, बऱ्या झालेल्या पेशंटचे फोटो आणि ऑपरेशनचे व्हिडिओ टाकू नका, पेशंटकडून शिफारशी मागू नका. 23 ऑगस्टला ही सगळी नियमावली स्थगित झाली आणि 2002 चीच पुन्हा लागू झाली. ओरड मुख्यतः जेनेरिक नावानेच औषधं लिहायच्या सक्तीवरून होती. त्या गलबल्यात रीलचं संकट तुमच्यावरून परस्पर टळलं.

शिफारशींवरून आठवलं. तुमच्या बिलाच्या काउंटरवर दोन क्यूआर कोड शेजारी शेजारी चिकटवले आहेत, एक पैसे भरायचा आणि एक पाच तारे द्यायचा. आमच्या सासऱ्यांनी दुसरा स्कॅन केला, पाचही तारे दिले आणि बिल भरलं अशा समजुतीने ते गेटपर्यंत पोचले. वॉचमनने अडवलं तेव्हा ते म्हणाले, ‘अहो, आत्ताच तर दिले!’

रील नव्हत्या तेव्हाही डॉक्टरांचं नाव होत असे. मिरजेत विल्यम वानलेस नावाच्या डॉक्टरांनी 1894 मध्ये रुग्णालय उभं केलं. लांबलांबचे पेशंट तिथे येऊ लागले आणि मिरज डॉक्टरांचं गाव झालं. वानलेसना निळी खूण काही मिळाली नाही, पण सांगली-मिरजेच्या मध्ये त्यांच्या नावाची वाडी आहे. अर्थात वाडीला लाइक करता येत नाही, हा तोटा आहेच.

तुमच्या पेजवर अगदी तळाशी एक जुना व्हिडिओ सापडला. ट्यूबलाइटचा उजेड, मागे औषध कंपनीचं कॅलेंडर, आणि तुम्ही थोडे अडखळत सांगताय : कुत्रं चावलं तर तिखट, चुना, हळद काही लावू नका, वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं जखम धुवा, त्याच दिवशी इंजेक्शन घ्या आणि पुढचे डोस चुकवू नका, कारण रेबीजची लक्षणं एकदा दिसू लागली की माणूस हाती लागत नाही. ताशा नाही, हाताची घडी नाही. तो कोणी पाहिलाच नाही. मग तुम्ही त्या मुलाला नेमलंत. तुमच्या जागी मीही नेमला असता. गिऱ्हाईक म्हणून आम्ही काही फार थोर नाही.

पण आता गर्दी जमलीच आहे, तर तिचा एक उपयोग सुचवू? तुमची रील संपली की फोन लगेच एका बाबांना पुढे करतो. उपाशीपोटी ऑलिव्ह ऑइल आणि लिंबाचा रस प्या, खडे आपोआप पडतील, असं ते सांगतात आणि दुसऱ्या दिवशी पडलेले हिरवट गोळेही दाखवतात. ते गोळे प्यायलेल्या तेलाचेच बनतात, साबणासारखे. पित्ताशयातले खडे जागच्या जागीच राहतात. हे तुम्हाला ठाऊक आहे. तुमच्या रीलखाली एका बाईंनी नेमकं हेच विचारलं होतं : आईला खडे आहेत, तेल द्यावं का? तुमच्या पेजवरून त्यांना उत्तर गेलं : दोन जोडलेले हात आणि एक लाल हृदय. त्या आईचं पुढे काय झालं असेल, हे अधूनमधून मनात येतं आणि मग मी ते झटकून टाकतो.

तेव्हा रील खुशाल राहू द्या. जन्मखूण तेवढी झाका, त्या बाईंना दोन ओळी लिहा आणि फी टाका.

आपला,
पित्ताशय नसलेला एक फॉलोअर

ता. क. : टाके कधी काढायचे हे विचारायला तुमच्या पेजवर मेसेज केला होता. ‘आमच्या परिवारात सामील झाल्याबद्दल धन्यवाद, नोटिफिकेशनची घंटा दाबायला विसरू नका’ असं उत्तर तत्काळ आलं. घंटा दाबली. टाके नाक्यावरच्या दवाखान्यातल्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी काढले. त्यांनी फी सांगितली, आधी सांगितली.