पूर्वाश्रमीची

सांवेर रोडवर पत्ता नाकाने शोधावा. तळणाचा वास आला की नमकीनचे कारखाने, रबराचा वास आला की पुढचं वळण, आणि ओल्या पुठ्ठ्याचा नि खळीचा वास आला की आमची शेड. सेव-चिवड्याची खोकी आम्ही बनवतो. सेव दुसरे बनवतात, म्हणून नाव त्यांचं होतं. १९९५ साली लग्न होऊन इंदूरला आले, तेव्हापासून मी या खोक्यांचे हिशेब लिहिते.

२०२५ च्या जूनमध्ये मला इतिहासात एम.ए. करावंसं वाटलं. त्याला कारण ट्रॅफिक. अहिल्याबाईंच्या जन्माला तीनशे वर्षं झाली म्हणून शहरभर फलक लागले होते. अशाच एका फलकाखाली आमची गाडी अडकली असताना हे म्हणाले, "या तुमच्याकडच्या ना?" माझं माहेर जामखेडचं, आणि अहिल्याबाईंची चौंडी जामखेड तालुक्यातली. त्यापलीकडे मला काही सांगता येईना. सिग्नल सुटेपर्यंत हे माझ्याकडे बघत राहिले. लाजेपोटी शिकायला निघालेली मी पहिलीच नसेन.

फॉर्म भरायला शेडजवळच्या ऑनलाइनवाल्याकडे गेले. एका बाजूला चहावाला, दुसऱ्या बाजूला पोह्यांची कढई, मध्ये याचं टेबल आणि प्रिंटर. पोरगं माझ्या मुलापेक्षाही लहान. "बच्ची का नाम बताओ, आंटी." मी म्हटलं, बच्ची मीच. त्याने मान वर केली, पुन्हा खाली घातली आणि म्हणाला, "हओ." इंदूरमध्ये हओ म्हणजे होकार; पण त्यात 'तुमचं तुम्ही बघा' हेही आलं.

आधी समग्र आयडी. मध्य प्रदेशात कुटुंबाचा नंबर आठ आकडी आणि माणसाचा नऊ आकडी. म्हणजे माणूस कुटुंबापेक्षा एका आकड्याने मोठा. आमच्या घरी हे अजून कुणाला पटलेलं नाही.

मग नाव. मार्कशीटवर सगळं माहेरचं, आधारवर सगळं सासरचं. नुसतं आडनाव बदललं असतं तरी निभावलं असतं, पण आमच्या लग्नात पाळण्यातलं नावही बदललं. ताटात तांदूळ पसरून ह्यांनी अंगठीने नवं नाव लिहिलं, चार बायकांनी वाकून वाचलं, आणि दुसऱ्या दिवशी त्या तांदळाचा भात झाला. "नाम बदलने का प्रूफ?" पोराने विचारलं. खाल्लं, असं सांगायचं अगदी ओठावर आलं होतं. लग्नाची पत्रिका दाखवली, तर तिच्यात आजीच्या हट्टाने छापलेलं घरचं लाडकं नाव निघालं. "आंटी, ये तीसरी कौन है?"

पुढे विद्यापीठाचा रकाना. यादीत पुणे विद्यापीठ सापडेना. मी वरून खाली शोधलं, त्याने खालून वर शोधलं. मागे चहाचा ग्लास घेऊन उभा असलेला एक ट्रक ड्रायव्हरही शोधू लागला. शेवटी 'स' मध्ये सापडलं. १९४९ साली स्थापन झालेलं ते विद्यापीठ २०१४ पासून सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ झालं आहे. म्हणजे तेही माझ्यासारखंच, पूर्वाश्रमीचं पुणे. जन्माचा जिल्हा लिहायला गेले तर अहमदनगर आता अहिल्यानगर. ज्या विद्यापीठाच्या कॉलेजात जायचं ते १९६४ साली इंदूर विद्यापीठ म्हणून सुरू झालं आणि १९८८ पासून देवी अहिल्या विश्वविद्यालय आहे. आमचा सांवेर रोड धरून पुढे उज्जैनला जावं, तर तिथल्या विक्रम विद्यापीठाला सम्राट विक्रमादित्यांचं पूर्ण नाव द्यायचं २०२५ मध्येच जाहीर झालं होतं. दुसऱ्या दिशेला महू, ते २००३ पासून डॉ. आंबेडकर नगर. आणि बाबासाहेब, ज्यांनी १९१५ मध्ये कोलंबिया विद्यापीठाची एम.ए. मिळवली, त्यांचं घराणं मूळचं सकपाळ. एवढ्यांची नावं बदलली, पण तांदळाचा हिशेब फक्त माझ्याकडे मागितला गेला.

मग मायग्रेशन सर्टिफिकेट. एका विद्यापीठातून दुसऱ्यात जायचं तर पहिल्याने सोडल्याचा कागद लागतो. पुण्याने मला तीस वर्षांपूर्वीच सोडलं होतं, फक्त लेखी दिलं नव्हतं. ते येईपर्यंत मी अहिल्याबाईंवरचं एक पुस्तक वाचायला घेतलं. चौंडीच्या शिंद्यांची मुलगी होळकरांच्या घरात येते, १७६७ पासून १७९५ पर्यंत माळव्याचा कारभार बघते. तिच्या मायग्रेशनची चौकशी कुणी केल्याचं त्या पुस्तकात तरी नाही.

पण खरी मजा गॅपची. शिक्षणात खंड पडला असेल तर त्याचं शपथपत्र द्यावं लागतं. नोटरीच्या टायपिस्टकडे त्याचा ठरलेला मजकूर असतो, तो नुसते आकडे बदलतो. वर्षभराच्या, दोन वर्षांच्या गॅपची त्याला सवय. "तीस?" त्याने दोनदा विचारलं. मग विचारलं, "इतने साल क्या किया?"

मी मनात जुळवाजुळव करू लागले. दोन मुलं. सासूबाईंचं आठ वर्षांचं आजारपण. खळीच्या मशीनमध्ये पदर अडकून फाटलेली एक पैठणी. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, तेव्हा सगळी बिलं नव्याने शिकून घेतली आणि मग आमच्या सीएच्या असिस्टंटला शिकवली. इंदुरी हिंदी. मुनीमजी रजेवर असले की ट्रकवाल्यांशी भाड्याची घासाघीस. यातलं काय सांगावं, याचा विचार चालला होता तोवर त्याने टाइप केलंही होतं: 'घरेलू कार्य'. पुढच्या ओळीत, या काळात मी कुठेही शिकले नाही, असं मी शपथेवर सांगत होते. त्या ओळीवर सही करताना पेन जरा अडखळलं. खोटी शपथ घ्यायची सवय नाही.

सांवेरला मारुतीची उलटी मूर्ती आहे, डोकं खाली. पाताळात रामलक्ष्मणांना सोडवायला गेला तेव्हाचं ते रूप, असं सांगतात. एरवी मी फार देवदेव करणारी नव्हे, पण फॉर्मच्या कामाला सरळ देवाचा उपयोग नसतो असं वाटून एका मंगळवारी जाऊन आले. पहिल्या फेरीत नंबर लागला नाही. सीएलसी, म्हणजे कॉलेजच्या पातळीवरच्या राउंडला लागला. श्रेय कुणाचं ते मारुती आणि ऑनलाइनवाला यांनी आपसात ठरवावं. पैसे ऑनलाइनवाल्याने घेतले.

पहिल्या दिवशी वर्गात शिरले तर मुलं उठून उभी राहिली. मागच्या बाकावर जाऊन बसले तेव्हा ती बसली. घरी सासऱ्यांनी विचारलं, "सूनबाई, आज काय शिकवलं?" हा प्रश्न मी घरात तीस वर्षं इतरांना विचारत होते.

आयकार्डही मिळालं. विषय इतिहास, वर्ष पहिलं, फोटो बरा आलाय. हिंदीच्या सवयीने आडनावातल्या 'ळ'चा 'ल' झाला आहे. दुरुस्तीसाठी वेगळा फॉर्म भरावा लागतो, आणि सोबत शपथपत्र. मी भरलेला नाही.