फाशांचा कौल

१९७४ साली अमेरिकेत जन्मलेला ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ, ज्यात मेजाभोवती बसलेले गडी वीस पैलूंच्या फाशाच्या कौलावर राक्षसांशी झुंजतात, आणि नारायण धारपांच्या भयकथा, या उभयतांचे आजन्म व्यसन जडलेला इसम शिरूर-दौंडकडील वडीलधाऱ्यांच्या लेखी वायाच गेलेला असतो. परंतु जे अमावास्येला घोड नदीचा पूल ओलांडीत नाहीत, आणि वीतभर बांधाच्या दाव्यात साक्षीदाराकडून त्याची भूमिका घोकून घेऊन, तारखेमागून तारीख पदरात पाडून, निकालाचा फासा नातवाच्या हाती सोपवितात, ते मात्र व्यवहारी! भेद एवढाच, की धारपांच्या कथांतला नायक ‘समर्थ’ शेवटच्या पानाआधी पिशाचाचा बंदोबस्त करतो. दिवाणी दाव्याला शेवटचे पानच नसते.